चहाला बसलेली मंडळी

१

शनिवारी आमची शाळा सकाळची असे. साडेअकराची घंटा झाली की मी हाताला लागलेला खडू धुवायची, पर्स उचलायची आणि मंडईच्या मागच्या गल्लीत दौलतकाकांच्या दुकानाकडे चालू लागायची. विलायती चहा आणि विलायती गोळ्या विकणारं दुकान भिवंडीत तेव्हा, म्हणजे सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली, माझ्या माहितीत तेवढं एकच होतं.

मला स्वतःला त्या चहाचं काही कौतुक नव्हतं. मी जायची तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते मुंबईत बॅलार्ड पिअरला एका इंग्रज कंपनीत कारकून होते. साहेब मायदेशी परत गेला, पण जाताना तात्यांना दूध न घातलेल्या चहाची सवय लावून गेला. त्या चहाला संत्र्याच्या सालीसारखा वास यायचा. तात्या तो बशीत ओतून पीत. तीन बारीक भुरके, मग थोडं थांबून "हं". दर वेळी तसंच, जणू चहा तपासून सही करताहेत. "चहा साहेबाचा आणि बशी आपली," असं आई हसून म्हणायची. माझ्या आईचं नाव सरोजिनी. ती गेली त्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो. मोठा भाऊ हरी पुण्याला बँकेत होता.

दौलतकाका गोऱ्यांच्या बोटीवर पंचवीस वर्षं पॅन्ट्रीत काम करून आलेले. बोटीवरच्या ओळखीतून त्यांच्याकडे माल यायचा. लाल डगलेवाल्या शिपायाचं चित्र असलेले टॉफीचे डबे, काचेच्या बरण्यांत पेपरमिंटच्या आणि लिंबाच्या गोळ्या, चहाचे चौकोनी डबे. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. मागच्या बाजूला छतापासून जमिनीपर्यंत एक जाड, मरून रंगाचा पडदा. काका डबा पुसून कागदात असा बांधायचे की एकही घडी वाकडी नसायची. "तात्यांना नमस्कार सांगा," म्हणायचे. मी डबा घेऊन घरी यायची.

एवढंच होतं सगळं.

२

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. मी शाळेत असताना त्यांच्याजवळ बसायला जवळच्या राहनाळ गावाहून ठकुबाई यायची. तिला आजाऱ्याचं सगळं करता यायचं आणि कशाचा कंटाळा नव्हता. तात्यांना आता चहा चमच्याने भरवावा लागे. भुरका नाही की "हं" नाही. अर्धा ओठांवरून मानेवर ओघळायचा आणि तात्या शरमेने डोळे मिटून घ्यायचे. तरी मी शनिवार चुकवला नाही. घरातलं तेवढं तरी पहिल्यासारखं राहावं असं मला वाटत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुकानातून बाहेर पडताना मी उंबऱ्यावरच थांबले.

भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड सगळीकडे असते. वर्गात, देवळात, जेवताना, आजाऱ्याच्या उशाशी. ती आपल्याला ऐकू येत नाही, कारण ती कधी थांबत नाही. पाहुणा येऊन म्हणतो, "केवढा हा आवाज!" तेव्हा कुठे कान जागे होतात. उंबऱ्यावर पाय ठेवताच ती खडखड माझ्या कानांवर आदळली. म्हणजे आत असताना ती नव्हती.

मी परत आत गेले. आवाज गेला. बाहेर आले. आवाज आला. दाराला फळी नाही, काच नाही, साधं उघडं दार. मी मुलींना ध्वनीचा धडा शिकवत होते. उघड्या दाराशी आवाज असा थबकत नाही.

"काय झालं बाई?" काकांनी विचारलं.

"आत लूमचा आवाज येत नाही."

"नाही येत," ते डबे लावता लावता म्हणाले. "मंडळींना शांत लागतं ना."

"कोणती मंडळी?"

"चहाला बसतात ती," ते म्हणाले आणि पडद्याकडे त्यांनी नुसती मान वळवली.

३

पुढच्या शनिवारी मी कान देऊन उभी राहिले. काका कागद घडी करत होते. पडद्यामागे कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. चिनीमातीचा, अगदी हलका. मग दुसरा. मग कोणीतरी खुर्ची थोडी सरकवली.

बोलणं मात्र नव्हतं. माणसं चहाला बसली आहेत आणि कोणी कोणाशी बोलत नाही, हे मला आवाजापेक्षा जास्त खटकलं. आपल्याकडे दोन माणसं चहाला बसली तर आधी तोंडं सुरू होतात, मग कप.

मी अर्धा तास काही ना काही विचारत रेंगाळले. आतून कोणी बाहेर आलं नाही, कोणी आत गेलं नाही.

बाहेर पडल्यावर मी गल्लीला वळसा घातला. दुकानाच्या पाठीला लूमचा कारखाना होता. दाराशी उभ्या असलेल्या कामगाराला "जरा भिंत बघायची आहे" म्हटलं, तर तो चक्रावला.

"मॅडम, दीवार में क्या है?"

"काही नाही. दुकान के पीछे कमरा है क्या, वो देखना है."

"कमरा कहाँ से आएगा? ये दीवार, उसके पीछे दौलतचाचा की दुकान. बस."

मी पावलांनी मोजलं. दुकानाची खोली मला पाठ होती. पडदा आणि ही भिंत यांच्यामध्ये फार तर हातभर जागा निघत होती. मी भिंतीला तळहात लावला. लूमच्या धक्क्यांनी ती तापकऱ्याच्या अंगासारखी थरथरत होती.

हातभर जागेत खुर्ची मावत नाही. मी स्वतःला समजावलं, काकांनी टेपरेकॉर्डर लावला असेल. म्हातारा माणूस, बोटीवरचे दिवस आठवत असेल. घरी येईपर्यंत मी त्यावर विश्वासही ठेवला.

४

घरी आले तर तात्या जागे होते आणि चेहऱ्यावर तकाकी होती. मी नवा डबा फोडला, चहा केला, चमचा तोंडाशी नेला. त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला केला.

"प्या...लो," ते म्हणाले.

"कधी प्यायलात?"

"आत्ता."

मी वाकले तर त्यांच्या श्वासाला संत्र्याच्या सालीचा वास होता. आधीचा डबा बुधवारीच संपला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन ठकुबाईला विचारलं. माझा आवाज नको तेवढा चढला असावा, कारण ती दुखावली.

"मी कशाला देऊ बाई? चायचा डबा रिकामा हाय, तुमीच बघा. आन मला त्यो काला चाय करता पन येत न्हाय. तात्या तर झोपलं व्हतं."

"कधी झोपले?"

"बारा वाजायला आलं व्हतं. हाक मारली तरी उठंनात. मी घाबरली. मंग आपसूक डोलं उघडलं आन हसलं."

बारा वाजायला आले होते तेव्हा मी दुकानात होते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आईच्या फोटोला हार घालताना मी सहज म्हटलं, "तात्या, आईला आज मोगरा मिळाला." त्यांनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि जड जिभेने विचारलं, "को...ण?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटक्यानंतर विसर पडतो. मी तेच धरून बसले.

५

मग तो फेब्रुवारीतला शनिवार. काकांनी डबा पुसायला घेतला होता. पडद्यामागे कप वाजत होते. आणि त्या आवाजांत मी तीन भुरके ऐकले. बारीक, एकामागोमाग एक. थोडं थांबणं. मग, "हं".

माणसाचा आवाज फसवेल. पण चाळीस-पन्नास वर्षांची एखादी सवय, तिच्यातलं ते थांबणं, ते कसं फसवणार? झटक्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी पाठीवरून काटा सरसरत गेला. आधी आनंद झाला की आधी भीती वाटली, हे मला आजही सांगता येत नाही.

"काका, आत कोण आहे?"

दौलतकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत वाईट काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"तुमच्यासाठी ओतू का बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "जागा आहे."

मी डबा तिथेच टाकून पळाले. मंडईत रिक्षा केली. घरी पोचले तर तात्या पाठीवर निश्चल पडलेले, ठकुबाई त्यांचे पाय चोळत होती. माझ्या पावलांचा आवाज झाला आणि त्यांनी डोळे उघडले. मिशा ओल्या होत्या.

त्यांनी मला ओळखलं. ठकुबाईला मात्र ओळखलं नाही. तीन महिने जिने त्यांचं सगळं केलं तिच्याकडे ते परक्यासारखं बघत राहिले. ती बिचारी पदर तोंडाला लावून मोरीत गेली.

तेव्हा मला कळलं की तिथे ते नुसता चहा पीत नव्हते. दर वेळी इथलं काहीतरी तिथे ठेवून येत होते.

६

मी दुकानात जाणं बंद केलं. मला वाटलं, माझ्याच पावलांनी ते तिथे पोचत असतील. मी गेले नाही तर वाट तुटेल.

पहिल्या शनिवारी शाळेतून सरळ घरी आले आणि त्यांच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांचा डावा हात हातात घट्ट धरला. पावणेबाराला ते माझ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून कोणी उठून गेलं. डोळे उघडे, श्वास चालू, हात गरम. पण माझ्या हातातला तो हात आता कोणाचाच नव्हता. साडेबाराला ते परत आले. ओठ चाटले.

माझी गरज उरली नव्हती. त्यांना वाट सापडली होती.

पुढच्या आठवड्यात ते मंगळवारीही गेले, गुरुवारीही. मग दिवसातून दोनदा. प्रत्येक वेळी जास्त वेळ. मी हरीला तार केली. डॉक्टर येऊन डोळ्यांच्या बाहुल्यांत बॅटरी मारून गेले. "ठाण्याला हलवा," म्हणाले, "ही बेशुद्धी वाढत जाणार." डॉक्टरांचं बरोबरच असेल, असं मी आजही म्हणते. पण मला माहीत होतं माझे वडील कुठे बसले आहेत. घरापासून वीस मिनिटांवर.

शुक्रवारी संध्याकाळी ते जागे असताना मी विचारलं, "तात्या, मी कोण?"

त्यांनी खूप विचार केला. घाम फुटेपर्यंत. मग अतिशय नम्रपणे, ऑफिसात आलेल्या बाईंशी बोलावं तसं म्हणाले, "बसा."

७

शनिवारी मी शाळेत गेलेच नाही. हरी दुपारच्या गाडीने पोचणार होता. ठकुबाईला म्हटलं, "यांच्याजवळून हलू नकोस," आणि निघाले. तात्या सकाळपासून डोळे उघडे ठेवून पडले होते, आत कोणी नसल्यासारखे.

मी दुकानात शिरले आणि खडखड थांबली. आज कपांचे आवाज स्पष्ट होते. दहा, पंधरा, किती कोण जाणे. दौलतकाका गल्ल्यामागून उठले.

"या बाई."

"मी माझ्या वडिलांना न्यायला आले आहे."

"मी कोणाला धरून ठेवत नाही," ते म्हणाले. "मी फक्त ओततो. हाक मारा, यायचं असेल तो येईल. पण आत पाय टाकू नका."

मी पडद्याला हात लावला. कापड गार होतं, ओलसर, पहाटेच्या गवतासारखं. मी पडदा एका बाजूने जेमतेम चेहऱ्याएवढा सारला.

तिथे भिंत नव्हती. लांबच लांब टेबल होतं, इतकं की दुसरं टोक मला दिसलं नाही. पांढरं कापड. दोन्ही बाजूंना माणसं. म्हातारी बरीच, पण सगळी नाही. प्रत्येकापुढे कप आणि वाफ. प्रकाश कुठून येत होता कळत नव्हतं, सावल्या नव्हत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जो तो आपल्या कपात बघत होता, पत्र वाचावं तसा.

चौथ्या की पाचव्या खुर्चीवर तात्या होते. पाठमोरे. ऑफिसला घालायचे तो पांढरा शर्ट, मानेवरचा तो चामखीळ. उजव्या हाताने, हो, उजव्याच, त्यांनी बशी तोलून धरली होती आणि एक थेंबही सांडत नव्हता.

"तात्या!" मी हाक मारली.

सगळे कप एकदम थांबले. त्या शांततेत माझंच रक्त मला कानांत ऐकू आलं. आणि पडद्याच्या अगदी जवळची, माझ्या कोपराजवळची खुर्ची मागे सरकली. तिच्यावरचं माणूस उठत होतं. आधी खांदा दिसला, मग डोकं माझ्याकडे वळू लागलं. आनंदाने भरलेला एक आवाज माझ्या तोंडाशी म्हणाला, "आलो, आलो!"

तो आवाज माझ्या वडिलांचा नव्हता.

मी पडदा सोडला.

८

घराच्या पायरीवर ठकुबाई उभी होती. हसत होती आणि रडत होती.

"बाई, म्हातारा उठून बसला! माज्या देखत! उजवा पाय बी हलला!"

तात्या खाटेवर पाय सोडून बसले होते. उजवा हात उचलून त्यांनी बोटं मिटली, उघडली, परत मिटली. नवा हातमोजा घालून बघावा तशी. जीभ मोकळी झाली होती. मला बघून ते तोंडभर हसले.

"आलीस का पोरी?" ते म्हणाले. "बस. लई धावत आलीस जनू."

माझे वडील मला "सुचेता" म्हणत. जन्मात त्यांनी मला "पोरी" म्हटलं नव्हतं. आणि घरात कोणी "लई" म्हटलं तर ते वर्तमानपत्रातून मान वर करून शब्द दुरुस्त करत.

हरी आला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण डोळे माझ्याकडे होते. डॉक्टरांनी दहा माणसांना बोलावून त्यांना चालून दाखवायला लावलं. मी चहा केला, डब्यातला, बिनदुधाचा. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ह्यो नको आता," ते म्हणाले. "पुष्कल झाला. दूधगूल घालून दे."

मग खिडकीबाहेर बघत, अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "सीताबाई कुठं हाय? तिला सांगा, मी आलो म्हनून. पूर्णेला कोनी जानारा असंल तर."

हरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेंदूला मार बसल्यावर असं होतं. जुनं-नवं मिसळतं. तू मनावर घेऊ नको."

"पूर्णेला आपलं कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतो, मनावर घेऊ नको."

९

पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले. दौलतकाकांनी मला बघितलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

"घरी आहेत ते माझे तात्या नाहीत," मी म्हणाले.

"बाई," ते म्हणाले, "नावाने हाक मारायची होतीत. तात्या आत कितीतरी आहेत."

नावाने! आपल्या वडिलांना नावाने हाक कोण मारतं? शाळेच्या दाखल्यावर लिहिण्यापलीकडे ते नाव माझ्या तोंडात कधी आलं नव्हतं. मी धावत जाऊन पडदा ओढला. कड्यांसकट तो माझ्या हातात आला. मागे चुन्याची भिंत होती, हातभर अंतरावर, आणि लूमची खडखड धरण फुटल्यासारखी दुकानात शिरली. बरण्या थरथरू लागल्या.

"श्रीनाथ!" मी भिंतीला तोंड लावून ओरडले. "श्रीनाथ! श्रीनाथ!"

पोपडे माझ्या ओठांना लागले. पलीकडून लूम चालत राहिले.

"मंडळी उठली इथून," माझ्या मागे काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आता कुठे बसली असतील, मला माहीत नाही."

काकांनी त्या वर्षी दुकान काढून टाकलं. लूमचे सुटे भाग विकणाऱ्याने जागा घेतली.

आणि मी माझ्या घरात त्या उठून बसलेल्या माणसाबरोबर नऊ वर्षं राहिले.

ते चांगले होते, हे मला सांगायलाच हवं. ठकुबाईशी तासन् तास भाताच्या, नाचणीच्या, गुरांच्या गोष्टी करत. माझ्या पायात काटा गेला तर बाभळीच्या काट्याने काढून देत. मला उशीर झाला तर दारात उभे राहत. कोणी मला म्हणालं की झटक्यानंतर तुझे वडील किती मायाळू झाले, तर मी मान हलवायची. पण ते पाठमोरे बसलेले असले की मला त्या खोलीत जाता येत नसे. पाठ तात्यांची होती, मानेवरचा चामखीळही. वाटायचं, आता मी हाक मारली आणि हे वळले, तर पुढे कोणाचा चेहरा असेल? मी नऊ वर्षांत त्यांना कशानेच हाक मारली नाही. "अहो, जेवायला," एवढंच म्हणायची.

पूर्णा हे गाव आमच्याकडून अर्ध्या तासावर. सीताबाई नावाची कोणी तिथे आहे का, हे मला एका दुपारीत विचारून येता आलं असतं. मी गेले नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.

१०

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ते थकले. आजार असा काही नव्हता. जेवण सुटलं, मग बोलणं कमी झालं. दुपारची उन्हं खाटेवर आली होती. ठकुबाई आता म्हातारी झाली होती, ती बाहेर ओट्यावर डोळा लागून बसली होती. मी चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी घालत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, येक इचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी हाक मारलीस ती कोनाला?"

नऊ वर्षं आम्ही दोघांनी हे वाक्य घरात फिरू दिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, माझ्याएवढीच. एवढी वर्षं तेही मला घाबरत आले होते.

"तुम्हालाच," मी म्हणाले. "तुम्हालाच मारली."

ते किंचित हसले. अंगठ्याने माझं मनगट थोपटत राहिले, लहान मुलाला थोपटावं तसं.

"बरी हायेस तू. पन खोटं नको बोलू. मला तवाच कललं व्हतं. मी दाराजवल व्हतो, म्हनून घुसलो." त्यांना धाप लागली. मी पाणी पुढे केलं, त्यांनी नको म्हटलं. "त्यो तुजा बा. पांढऱ्या सदऱ्याचा. बशीतून प्यायचा."

मी चमचा खाली ठेवला.

"त्यानं बी ऐकली व्हती तुजी हाक," ते म्हणाले. "बशी खाली ठेवली त्यानं. उठला व्हता. माज्या पाठीच व्हता, दोन पावलांवर. हात पुढं केलेला व्हता."

त्यांनी डोळे मिटले.

"तू पडदा सोडलास."